ज्याची कंबर दुखते, त्याचा दमही मोजा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत कंबरदुखीवर पानभर मजकूर होता. खुर्चीत कसं बसावं, गादी कडक हवी की मऊ, खालची वस्तू उचलताना गुडघे कसे वाकवावेत, एमआरआय केव्हा काढावा, सगळं नीट लिहिलं होतं. मी तो दोनदा वाचला आणि शेजारच्या वहिनींनाही दिला. एका गोष्टीचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. ती गोष्ट वेळेवर न कळल्यामुळे माझी साडेतीन वर्षं गेली, म्हणून हे लांबलचक पत्र.

ज्याची कंबर तीन महिन्यांहून जास्त काळ दुखते आहे, त्याचा दम मोजला पाहिजे. दम म्हणजे फुप्फुसं, हृदय आणि स्नायू मिळून शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकतं, ती क्षमता. ती मोजता येते, आणि त्याला दरवेळी महागडं यंत्र लागतंच असं नाही.

मी मिरजेत राहते. माध्यमिक शाळेत गेली सत्तावीस वर्षं विज्ञान आणि गणित शिकवते. वय ५१. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या या गावात 'दमसास' हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो. उरुसात दर्ग्यात गाणं ऐकायला बसलं, की कुणाचा दमसास किती यावर मागे बसलेले लोक हमखास बोलतात. त्याच गावात राहून माझा दमसास कधी कुणी मोजावा असं मला पन्नाशीपर्यंत सुचलं नाही.

२०२० च्या दिवाळीआधी घर आवरताना लोखंडी कपाट भिंतीपासून पुढे ओढलं आणि पाठीत उसण भरली. आमच्या घरात उसण कुणाला भरली नाही असं वर्ष जात नाही. सासूबाईंनी शेकायला विटकर तापवून दिली. आठवड्यात कमी होईल म्हणाल्या. झालं नाही. पंधराव्या दिवशी दवाखान्यात गेले. तिथे सहा आठवडे पडून राहायला सांगितलं, जेवणं आणि शौचाला जाणं सोडून. कंबरेला पट्टा दिला. मग दहा दिवस वजन लावलं, म्हणजे ट्रॅक्शन. मग एमआरआय. पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी गेले, तिथे पुन्हा एमआरआय. दोन्ही रिपोर्टांत कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी थोडी फुगलेली. मला सांगण्यात आलं, 'मणक्यात गॅप आहे, गादी सरकलीय. वाकू नका, वजन उचलू नका, मांडी घालून बसू नका, जिना चढू नका.'

हे चार नकार मी कायद्यासारखे पाळले. शाळा घरापासून सव्वा किलोमीटर, चालत जायचे ती स्कूटीवर जाऊ लागले. मुख्याध्यापिकाबाईंनी आपुलकीने माझे सगळे तास तळमजल्यावर घेतले. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे. तीन वर्षं मी नववी-दहावीच्या मुलांना मॅग्नेशियमची फीत जळताना मोबाइलवर दाखवली. बाकी सगळं मी सोसलं, पण हे आठवलं की आजही घशाशी येतं. वजन ५९ किलोवरून ६८ वर गेलं. संध्याकाळी घरी आले की अर्धा तास आडवी झाल्याशिवाय कणीक मळता येत नव्हती. आणि कंबर? ती दुखतच होती. आधी दहापैकी पाच दुखायची, ती सहा दुखायला लागली.

२०२४ च्या मार्चमध्ये एका फिजिओथेरपी महाविद्यालयाच्या ओपीडीत गेले. तिथली तरुण डॉक्टर माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. तिने माझे दोन्ही एमआरआय पाहिले. पायातली ताकद, संवेदना, हातोडीने गुडघ्याचे झटके तपासले. लघवी-शौचावर ताबा सुटतो का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, ताप येतो का, न कळत वजन उतरलंय का, रात्री झोपेतून उठवणारी वेदना आहे का, पूर्वी कर्करोग झाला होता का, हे सगळं विचारलं. यातलं एकही लक्षण असेल तर पुढचं सगळं थांबवून आधी त्याचा छडा लावायचा असतो, असं तिने सांगितलं. मला त्यातलं काही नव्हतं. मग ती म्हणाली, "बाई, आता तुमचा दम बघू या. दोन दिवसांनी या. येण्याआधी दोन तास चहा घेऊ नका, पोटभर जेवून येऊ नका."

मला राग आला. दुखणं कंबरेत आणि ही मला सायकलवर बसवते? मी तिला तसं म्हटलंही. तिने उलट एक प्रश्न विचारला. "बाई, जिन्यात तुम्ही थांबता तेव्हा कंबर दुखते म्हणून थांबता, पाय भरून येतात म्हणून थांबता, की दम लागतो म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही. साडेतीन वर्षांत चार डॉक्टर झाले, दोन एमआरआय झाले, आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

चाचणी कशी होते ते सविस्तर लिहिते, कारण 'चाचणी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर छातीला तारा लावून, फिरत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची चाचणी, म्हणजे टीएमटी, येते आणि तिथेच भीती बसते. माझी चाचणी तशी नव्हती. एका जागी स्थिर असलेली सायकल, तिच्या चाकावर किती रोध ठेवायचा ते ठरवता येतं. हँडल वर घेतलं होतं, म्हणजे मला पुढे वाकावं लागू नये. छातीभोवती ठोके मोजणारा पट्टा. आधी रक्तदाब पाहिला, दहा मिनिटं नुसतं बसवलं. पहिल्या दिवशी तर चाचणी झालीच नाही. भीतीने माझे बसल्या जागचे ठोके ९८ होते, तेव्हा तिने फक्त पाच मिनिटं रोधाशिवाय पाय फिरवायला लावले आणि घरी पाठवलं. भीती, वेदना, चहा, उकाडा, सगळ्यांनी ठोके वाढतात आणि मग उत्तर चुकतं, हे तिचं म्हणणं. तिने घाई केली नाही, याचं मोल मला नंतर कळलं.

दुसऱ्या वेळी रोध ५० वॅट. मुलांना मी वॅट शिकवते म्हणून सांगते, दर सेकंदाला पाच किलोचा डबा एक मीटर वर उचलायला लागते तेवढी ही शक्ती. मिनिटाला ५० फेरे मारायचे, त्यासाठी शेजारी तालयंत्र लावलेलं. सहा मिनिटं. दर मिनिटाला ती तीन गोष्टी लिहून घेत होती : ठोके, कष्ट किती वाटतात, आणि कंबर किती दुखते.

कष्टासाठी भिंतीवर एक तक्ता होता, ६ पासून २० पर्यंत. सहापासून का, असं मी विचारल्याशिवाय राहिले नाही. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तो अशा हिशोबाने केला, की आकड्यापुढे एक शून्य मांडलं की साधारण ठोके मिळावेत. ६ म्हणजे ६०, विश्रांतीतले. २० म्हणजे २००, तरुण माणसाची शिकस्त. पन्नाशीच्या माणसाला हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, पण तक्ता कामाचाच. ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे जरा कष्टाचं, १५ म्हणजे कष्टाचं. आत जे काही चाललंय त्याला आकडा देता येतो, हे मला फार धीराचं वाटलं.

तिसऱ्या मिनिटाला मी १३ म्हटलं. पाचव्याला १५. ठोके पाचव्या मिनिटाला १३९, सहाव्याला १४१. दोन्हींत फारसा फरक नाही, म्हणजे शरीर त्या कामाला स्थिरावलं, चाचणी ग्राह्य. सरासरी १४०. आणि कंबर? सुरुवातीला चार. सहाव्या मिनिटाला चार. उतरून दहा मिनिटांनी तीन.

तो कागद मी जपून ठेवलाय. माझं हृदय मिनिटाला १४० ठोके टाकत होतं, घाम कपाळावरून नाकावर येत होता, मांड्या जळत होत्या आणि कंबर जिथल्या तिथे होती. तुटली नाही, 'सरकली' नाही. मला वाटत होतं ते सगळं खोटं ठरलं आणि मी तिथेच खुर्चीत बसून रडले.

मग आकडेमोड. ही चाचणी पेर-ओलोफ ऑस्ट्रांड आणि इर्मा र‍्यूमिंग या स्वीडिश संशोधकांची, १९५४ सालची. त्यांनी एक आलेख दिला. एका रेषेवर ठोके, दुसऱ्या रेषेवर कामाचा भार, मध्ये पट्टी ठेवायची आणि कमाल प्राणवायूचा अंदाज वाचायचा. म्हणजे माणसाला शिकस्तीपर्यंत न नेता, मधल्या कष्टावरून त्याच्या कमाल क्षमतेचा अंदाज. कंबर दुखणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे, कारण शिकस्तीच्या चाचणीत तो बहुतेक वेळा दुखण्याच्या भीतीने आधीच थांबतो आणि मग मिळालेला आकडा त्याच्या हृदयाचा नसून भीतीचा असतो.

माझा आकडा आला मिनिटाला १.८ लिटर. त्याला वयाचा गुणक लावायचा, कारण वयाबरोबर हृदयाची कमाल गती उतरते. पन्नाशीला तो गुणक ०.७५. (हे वयाचे गुणक इर्मा यांच्याच १९६० च्या कामातून आले. तोवर ऑस्ट्रांड यांच्याशी लग्न होऊन त्या इर्मा ऑस्ट्रांड झाल्या होत्या. गेली काही वर्षं मी मुलींना शास्त्रज्ञ स्त्रियांची नावं सांगते, त्यात आता हेही सांगते.) १.८ गुणिले ०.७५ म्हणजे १.३५ लिटर, म्हणजे १३५० मिलिलिटर. भागिले माझं वजन ६८. उत्तर जवळपास २०. दर किलोमागे दर मिनिटाला २० मिलिलिटर प्राणवायू, ही माझी कमाल. अशा अंदाजात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतं, हेही तिने कागदावर लिहून दिलं.

२० म्हणजे काय? शांत बसलेलं शरीर साधारण ३.५ वापरतं. म्हणजे माझी सगळी शिकस्त मिळून बसण्याच्या पावणेसहापट. लादी पुसायला सुमारे साडेतीनपट लागते, सावकाश जिना चढायला चारपट. म्हणजे लादी पुसताना मी माझ्या कमाल ताकदीच्या साठ टक्क्यांवर असायचे आणि जिन्यात सत्तर टक्क्यांवर. दिवसभराचं काम कमाल क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशात बसावं, असं कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारे धरतात. माझा एक तृतीयांश म्हणजे बसण्याच्या दुपटीहूनही कमी. वर्गात उभं राहून फळ्यावर लिहिण्यातच तो संपायचा. मग घरी येऊन आडवं पडावं लागायचं यात नवल काय? छातीत धडधडलं, अंग गळून गेलं की मला वाटायचं, गादी आणखी सरकली. थकव्याला मी साडेतीन वर्षं मणक्याचं नाव देत होते.

हा दम गेला कुठे, याचं उत्तर शोधताना मी डॅलसच्या प्रयोगाबद्दल वाचलं. अमेरिकेत १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून ठेवलं. त्यांची कमाल प्राणवायू-क्षमता मिनिटाला ३.३ लिटरवरून २.४ वर आली. तीस वर्षांनी, म्हणजे त्यांच्या पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा मोजलं, तेव्हा ती २.९ भरली. तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं त्याहून जास्त तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने नेलं होतं. मी सहा आठवडे पडून होते, चाळिशी उलटल्यावर. त्यानंतर तीन वर्षं जिना टाळला.

आणि हे ज्ञान नवं नाही. कंबर धरल्यावर दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांएवढीच उपयोगी पडते, हे १९८६ मध्ये अमेरिकेत तपासून झालंय. १९९५ मध्ये हेलसिंकीत तीन गट केले, एकाला अंथरूण, एकाला पाठीचे व्यायाम, एकाला सोसेल तेवढी नेहमीची कामं. नेहमीची कामं करणारे सर्वांत लवकर बरे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायामाचा कार्यक्रम आणि रुग्णाला समजावून सांगणं यांची शिफारस आहे. कंबरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात देऊ नका, असंही त्यात आहे. हे दोन्ही मला मिळाले होते. मला तेव्हा ज्यांनी सल्ला दिला त्यांच्याबद्दल मनात कडवटपणा नाही. त्यांनी भल्यासाठीच दिला. पण अंथरुणातून उठल्यावर माझ्यात किती उरलंय हे कुणी तपासलं नाही, याचं दुःख आहे.

एमआरआयबद्दल एक सांगते. १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले होते. निम्म्याहून जास्त लोकांच्या, ५२ टक्क्यांच्या, एखाद्या तरी गादीला फुगवटा होता. आमच्या गल्लीत ६४ वर्षांच्या एक काकू आहेत. त्यांच्या रिपोर्टात माझ्यासारखाच, किंबहुना जास्तच फुगवटा आहे. त्या दरवर्षी आषाढीला आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालतात. कंबर दुखते म्हणतात, मुक्कामावर चोळून घेतात आणि पहाटे पुन्हा चालू लागतात. माझा आणि त्यांचा फोटो सारखा, मग आमच्यात फरक कशाचा? ते फोटोवरून कसं कळणार?

सायकल नसेल तर काय, असं कुणी विचारेल. त्याच ओपीडीत माझी सहा मिनिटांची चालण्याची चाचणीही झाली. ३० मीटरची सपाट वाट, दोन टोकांना दोन शंकू, एक खुर्ची, एक घड्याळ, रक्तदाबाचं यंत्र. धावायचं नाही, पण सहा मिनिटांत जास्तीत जास्त अंतर चालायचं. वाटलं तर थांबायचं, भिंतीला टेकायचं, पुन्हा निघायचं, घड्याळ मात्र चालू राहतं. मी ३८४ मीटर चालले, म्हणजे १२ खेपा आणि वर थोडं. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी माणूस सवयीने जास्त चालतो, म्हणून आधी एकदा सराव घेतात. या चाचणीला लागणारं सगळं साहित्य आमच्या शाळेच्या क्रीडाखोलीत आहे. ३० मीटरचा व्हरांडा तर जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांना आणि जुन्या सरकारी दवाखान्यांना आहे.

कुणाला कोणती चाचणी, हे मात्र तपासणाऱ्याने ठरवायचं. मणक्यातली वाट अरुंद झालेल्या माणसाला चालताना पायात कळा येतात आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. त्याला चालवून मोजलं तर पायच आधी थांबतील, सायकल बरी. एखाद्याला सायकलच्या सीटवर बसवत नाही, त्याला चालवावं. एकाच माणसाचाही आकडा चालण्याच्या पट्ट्यावर जास्त येतो, सायकलवर कमी, आणि हातांनी फिरवायच्या यंत्रावर आणखी कमी, म्हणून आज एका यंत्रावर आणि सहा महिन्यांनी दुसऱ्यावर मोजून तुलना करू नये. माझ्या भावाला रक्तदाबासाठी हृदयाची गती कमी ठेवणारी गोळी चालू आहे. त्याचे ठोके वाढतच नाहीत, त्यामुळे ठोक्यांवरून काढलेला त्याचा आकडा फसवा येईल. त्याला बोर्गचा तक्ता आणि चाललेलं अंतर हेच खरं. आणि ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, ज्यांच्या छातीत बसल्या जागी दुखतं, ज्यांचा वरचा रक्तदाब १८० च्या पुढे आहे, त्यांनी हे पत्र वाचून घराच्या गच्चीवर प्रयोग करू नये, डॉक्टरांकडेच जावं. एवढं कळकळीने सांगते.

आणखी एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. जुनाट कंबरदुखी असलेल्या सगळ्यांचाच दम कमी असतो, असं नाही. यावर झालेल्या अभ्यासांत एकवाक्यता नाही. काहींत तो कमी आढळला, काहींत इतरांसारखाच निघाला. मला तर यातूनच मोजण्याची गरज जास्त पटते. ज्याचा दम शाबूत आहे त्याला तसं दाखवून द्या, त्याची भीती तिथेच निम्मी होईल. ज्याचा गेलाय त्याला किती गेलाय ते सांगा. सरसकट सगळ्यांना 'चाला जरा' म्हणणं आणि सरसकट सगळ्यांना 'पडून राहा' म्हणणं, दोन्हींत त्या माणसाकडे पाहिलेलंच नसतं.

मला आकड्यावरून मात्रा ठरवून मिळाली. आठवड्यातून चार दिवस, तक्त्यावर १२ ते १३ वाटेल एवढ्या वेगाने, सुरुवातीला फक्त दहा मिनिटं. शाळा भरायच्या आधी मैदानावर. वही घेऊन जायचे, मुलांसारखी. दुखलं तरी ठरलेली मिनिटं पूर्ण करायची, आणि बरं वाटलं तरी ठरल्यापेक्षा जास्त करायचं नाही. ही दुसरी अट पाळणं जास्त अवघड होतं. जूनमध्ये एकदा पंचवीस मिनिटं चालले आणि तीन दिवस कंबर धरून बसले. मी घाबरून माझ्या त्या डॉक्टर विद्यार्थिनीला फोन केला, तर ती म्हणाली, "बाई, मात्रा चुकली, कंबर नाही." पुन्हा पंधरा मिनिटांवर आले.

पाच महिन्यांनी त्याच सायकलवर, त्याच ५० वॅटला ठोके १३४ आले. हिशोब केला तर आकडा २० वरून २२ च्या वर गेला. सहा मिनिटांत ४६२ मीटर चालले. वजन फक्त एक किलो उतरलं. कंबर सहा दुखायची ती आता चार दुखते, कधी तीन, वाईट दिवशी पाच. दुखणं गेलेलं नाही, आणि ते जाईल असं मला कुणी सांगितलंही नव्हतं. पण गेल्या जूनपासून माझे दोन तास पुन्हा दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत आहेत.

मी शाळेत खेलो इंडियाच्या चाचण्यांसाठी मुलांच्या ६०० मीटर धावण्याच्या वेळा नोंदवते. कोणता मुलगा कुठे दमतो हे मला तोंडपाठ असतं. पण त्या मुलांच्या आयांचा दम कुणी मोजलाय? आमच्या भागातल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी आया हंगामात ऊसतोडीला जातात, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढतात. कंबर त्यांचीही दुखते. पालकसभेत एकीने मला सांगितलं, "बाई, डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या. विश्रांती घेतली तर उचल कशी फेडू?" तिच्या कंबरेचा फोटो काढून झालाय, त्याला पैसे गेले. तिचं काम तिच्याकडून किती ताकद मागतं आणि तिच्याजवळ ती किती आहे, हे दोन आकडे शेजारी मांडून तिला कुणी सांगितलं असतं, तर कदाचित मुकादमाशी मोळीच्या वजनाबद्दल बोलायला तिच्या हाती काही आलं असतं. पुरुषांना निदान पन्नाशीत कुणीतरी टीएमटी करून घ्या म्हणतं. बायकांच्या वाट्याला तेही क्वचितच येतं.

म्हणून दोन विनंत्या. पहिली तुम्हाला. पुरवणीत पुन्हा कंबरदुखीवर लिहाल तेव्हा या चाचण्यांवर अर्धं पान द्या, एखाद्या जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्या, ३० मीटरच्या वाटेचं चित्र छापा. दुसरी विनंती जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांना आणि फिजिओथेरपी शिकवणाऱ्या संस्थांना. आठवड्यातला एक दिवस जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांचा दम मोजण्यासाठी ठेवा, आणि आकडा त्यांच्या हाती कागदावर लिहून द्या. जागेची अडचण असेल तर आमच्या मुख्याध्यापिकाबाईंशी मी बोलले आहे. रविवारी आमच्या शाळेचा व्हरांडा मोकळा असतो. तो मी स्वतः टेपने मोजलाय, ३४ मीटर भरतो. शंकू आणि घड्याळ आमच्याकडे आहे. तपासणारं जाणतं माणूस आणि रक्तदाबाचं यंत्र एवढं घेऊन कुणी आलं, तर नोंदी लिहायला मी बसेन.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, मिरज
(नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक संपादकांसाठी सोबत जोडला आहे.)